व्हर्नीटाचं ताट

१

ताटात अंगठी नव्हती.

बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. वाडग्यातून पालथी केलेली मक्याची उकड, शेजारी अख्खा वाफवलेला मासा, पाण्याचा पेला. जहाजावर खरी मेणबत्ती लावू देत नाहीत, म्हणून बॅटरीवरची आणली होती. ती अजून लुकलुकत होती. माशाच्या डोक्याशी मी अंगठी ठेवली होती. तिथं आता पांढरे दाणे होते. उकडीवर दाणे, माशावर दाणे, ताटाभोवती टेबलाच्या कापडावरही दाणे.

मी एक दाणा जिभेवर ठेवला. मीठ.

आमच्या कारियाकू बेटावर मेलेल्या माणसाचं ताट अळणी असतं. मीठ दिसलं की मेलेलं माणूस उंबऱ्यावरूनच मागे फिरतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ताट लावायचं, दार उघडं ठेवायचं आणि जिवंत माणसांनी तिथून निघून जायचं. मेलेल्याला कुणी जेवताना बघू नये.

मी तसंच केलं होतं. आणि कुणीतरी येऊन माझ्या बायकोच्या ताटात मीठ टाकलं होतं आणि तिची अंगठी नेली होती.

मी नेव्हिल कजो. लेस्टेर ते हिल्सबरो या रस्त्यावर आयुष्यभर बस चालवली. बंदरात ही पांढरी जहाजं यायची तेव्हा माझी व्हर्नीटा म्हणायची, "नेव्हिल, एकदा आतून बघू या रे." मी म्हणायचो, बघू. ब्रुकलिनला असलेल्या आमच्या मुलीनं, शॅरमेननं, शेवटी दोन तिकिटं काढली. तिकिटं आली आणि व्हर्नीटा गेली. शॅरमेन म्हणाली, "बाबा, पुढल्या वर्षी तरी जा. आईला बरं वाटेल." माझ्यावर लक्ष ठेवायला तिनं मामा-मामींनाही सोबत दिलं. त्यांचं तिकीट त्यांनी काढलं, पण उपकार माझ्यावर.

परत गेल्यावर व्हर्नीटाच्या कबरीवर दगड बसवायचा होता. आमच्यात वर्ष उलटल्यावर दगडाची जेवणावळ असते. ढोल वाजतात, गाव जेवतं, आणि दगड बसला की मेलेलं माणूस खरं घरी जातं. अंगठी त्या दगडाच्या ओल्या सिमेंटात घालायची होती. व्हर्नीटानंच सांगितलं होतं. "आईची अंगठी माझ्या दगडात घाल. नाहीतर ही माणसं तिच्यावरून भांडत बसतील."

भिंतीवरच्या भोंग्यातून बाईचा आवाज आला. "सुप्रभात, आज अकरा वाजता पोहण्याच्या तलावाच्या काठी ओल्या बनियनची स्पर्धा."

मी ताटावर झाकण ठेवलं आणि खाली गेलो, कुणाचा तरी गळा धरायला.

२

जहाजाचे सुरक्षा अधिकारी मिस्टर पेल. खांद्यावर सोनेरी पट्ट्या, समोर मिंटच्या गोळ्यांचं भांडं. मला त्यांनी आधी गोळी दिली.

"तुमच्या दाराच्या कुलपाची नोंद आमच्याकडे असते, मिस्टर कजो," ते म्हणाले. "काल संध्याकाळी तुम्ही बाहेर पडलात. त्यानंतर आज सकाळी तुमच्या खोलीचा सेवक विल्मर आत गेला. मग तुम्ही आलात. मधे कुणीही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही किंवा विल्मर. तुम्ही स्वतःचीच चोरी करणार नाही."

"आणि मीठ?"

"भूक लागली असेल. जेवायला बसला, अळणी लागलं, मीठ टाकलं. मग अंगठी दिसली." त्यांनी खांदे उडवले. "उद्या सकाळी ब्रिजटाऊनला त्याला उतरवू. पुढचं तिथले पोलीस बघतील."

मला ते पटलं. खरं सांगतो, पटलं. आमच्या माणसाचा हात त्या ताटावर मीठ टाकायला उचलणारच नाही, मग ते परक्याचंच काम. विल्मर पेरू देशाचा. चाळिशी उलटलेला, बुटका, पहिल्या दिवसापासून टॉवेलाचे हत्ती आणि बदकं करून माझ्या पलंगावर ठेवणारा. त्या बदकांचाही मला राग येत होता. रिकाम्या पलंगाच्या अर्ध्या बाजूला रोज एक बदक.

तो बाहेरच्या बोळात उभा होता. मी त्याची कॉलर धरली.

"कुठं आहे?"

"सेन्योर, मी हात नाही लावला," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाला होतात हात लावू नको. मी दार उघडलं, बघितलं, बंद केलं."

"मग मीठ कुणी टाकलं?"

"मीठ?" तो माझ्याकडे बघत राहिला. "सेन्योर, स्वयंपाकघरात जाऊन मी तीन वेळा सांगितलं, मीठ नको, मीठ नको. आचारी म्हणाला, म्हाताऱ्याला रक्तदाब असेल. मी म्हटलं, नाही, त्यांच्या बायकोसाठी आहे. मी ताट दोन्ही हातांत धरून आणलं. आणि मीच मीठ टाकू?"

माझा हात कॉलरवरून निघाला. राग गेला नाही. त्याला आता जायला जागा नव्हती, एवढंच.

३

जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं बसायचो. मी, माझा मेहुणा ऑगस्टीन, त्याची बायको क्लॉडेट, आणि ग्रेनेडाच्या मिस युफेमिया बोनापार्ट. बाई पोलिसात इन्स्पेक्टर होत्या, आता निवृत्त. पहिल्या रात्री मी कारियाकूचा आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "कायाक होय? बोटी बांधणारी, कडक रम पाजणारी कारियाकूची माणसं! म्हणजे उद्या जहाज बुडालं तर तुम्हीच दुसरं बांधाल, आणि तोवर आम्हाला बेवडे करून टाकाल." त्या एकट्याच होत्या ज्यांनी मला 'मजा येतेय ना?' असं विचारलं नव्हतं.

जहाज सेंट जॉर्जेसला लागलं होतं. बरेचसे उतरले. बाई डेकवर विणत बसल्या होत्या.

"उतरला नाहीत?" मी विचारलं.

"माझंच गाव. चाळीस वर्षं तिथल्या चोरांची तोंडं बघितली." त्यांनी माझं तोंड बघितलं. "काय झालं?"

मी सांगितलं. ताट, अंगठी, मीठ, पेल, विल्मर. सांगताना आवाज चढला, शेजारच्या खुर्चीतली माणसं उठून गेली.

"रात्री तुम्ही कुठं होतात?"

"वरच्या डेकवर, आरामखुर्चीत. ताटाजवळ थांबायचं नसतं."

"आणि कालच का ताट लावलंत?"

"कारण पहाटे जहाज आमच्या बेटावरून जाणार होतं. लेस्टेरची दफनभूमी समुद्राकडे तोंड करून आहे. तिला तिथून इथवर यायला फार पाणी ओलांडावं लागलं नसतं." मी समुद्राकडे हात केला. "उजाडताना मी कठड्याला उभा होतो. बेट अगदी समोर. मागे ऑम्लेटची रांग. एक बाई म्हणाली, ह्या छोट्याला काही नाव आहे का? नवरा म्हणाला, नकाशात नाही. भोंग्यावर बिंगोची वेळ सांगितली. आमच्या बेटाचं नाव कुणी घेतलं नाही, बाई. अख्ख्या जहाजात कुणी नाही."

मिस बोनापार्टनी सुया गुंडाळल्या.

"ताट अजून आहे?"

"आहे. झाकून ठेवलंय."

"मग चला. पेलनं ते पाहिलं?"

"नाही. तो म्हणाला फेकून द्या."

"वा," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर अशाच साहेबांच्या हाताखाली काम केलं."

४

बाईंनी झाकण उचललं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग दाणा जिभेवर ठेवला. मग वाकून उकडीकडे बाजूनं पाहिलं.

"मिस्टर कजो, ही तुम्ही पालथी केलीत तशीच आहे?"

"हो."

"वाडग्याच्या तळाचा गोल वरती दिसतोय. एक घास मोडलेला नाही. मासा?"

मासा अख्खा होता. डोळाही जागेवर.

"पेल म्हणतात, भुकेला माणूस जेवायला बसला, अळणी लागलं म्हणून मीठ टाकलं," बाई म्हणाल्या. "चव न घेता अळणी कसं लागलं? आणि मीठ टाकून मग खाल्लं का नाही?"

मी वाकून माशाकडे पुन्हा बघितलं.

"या खोलीत मीठ असतं का?"

"चहा-कॉफीच्या पुड्या आहेत. साखर आहे. मीठ नाही."

"मग चोर मीठ खिशात घेऊन आला." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. तिथं विल्मरनं काल केलेला टॉवेलाचा ससा होता, तो त्यांनी हळूच बाजूला सरकवला. "आता मला सांगा, तुम्ही कोणतं दार उघडं ठेवलं होतंत? कुलपाच्या नोंदीत तर बोळाकडचं बंद दिसतंय."

"बोळाकडचं कशाला उघडं ठेवू? ती काय लिफ्टनं येणार होती? सज्जाचं. समुद्राकडचं."

बाई सज्जात गेल्या. आमच्या आणि शेजारच्या सज्जाच्या मधे आडोशाची एक पांढरी फळी असते. ती बिजागरीवर उघडते. उघडलेली होती, भिंतीला आकड्यानं लावलेली.

"हे कुणी उघडलं?"

"विल्मरनं. पहिल्याच दिवशी. ऑगस्टीननं सांगितलं म्हणून. म्हणाला, दाजी एकटे आहेत, आपण एकच घर करू."

"शेजारी ऑगस्टीन आणि क्लॉडेट."

"हो." आणि मग मला कळलं त्या कुठं चालल्यात. "नाही बाई. ऑगस्टीन लेस्टेरचा आहे. व्हर्नीटाचा सख्खा भाऊ. अंगठीवर त्याचा डोळा असेल, मी नाही म्हणत नाही. पण ताटात मीठ? आमचा माणूस ते करूच शकत नाही."

मिस बोनापार्ट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिस्टर कजो, तुम्ही चुकीच्या टोकानं धरलंय. पण आधी त्या दोघांशी बोलू द्या मला. तुम्ही तोंड उघडायचं नाही. जमेल?"

"नाही," मी म्हणालो.

"मग जवळ बसा आणि बर्फ चघळा."

५

क्लॉडेट तलावाच्या काठी होती. बार्बेडोसची बाई, ब्रिजटाऊनला केस कापायचं दुकान, तोंडाचा पट्टा चालू. माझ्याकडे बघून म्हणाली, "दाजी, तोंड असं का? पैसे भरलेत, जरा हसा."

"यांची अंगठी गेली," बाई म्हणाल्या.

"अगं बाई. ती अंगठी?" क्लॉडेटनं काळा चष्मा वर केला. "मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं की नाही, दाजी, उघड्यावर ठेवू नका. मी बोटात घालून पण बघितली होती. मला अगदी बरोबर बसते. सिमेंटात घालणार म्हणे. इतकं सोनं, आणि सिमेंटात."

मी बर्फ चघळला.

"काल रात्री तुम्ही कुठं होतात?"

"गाण्यांच्या हॉलमधे. मग झोपले. ऑगस्टीन आधीच झोपला होता, तोंड भिंतीकडे करून. का? माझ्यावर संशय?" ती हसली. "मी घेतली असती तर बोटात असती. मी चोरून ठेवणाऱ्यातली नाही, मिरवणाऱ्यातली आहे."

"त्या ताटाबद्दल तुम्हाला माहीत होतं?"

"मेलेल्यांना जेवू घालतात ते? होतं की. ऑगस्टीन सांगतो. पण त्यात मीठ का नाही घालत हे मला अजून कळलं नाही. आमच्या बार्बेडोसात अशी उकड कुणाला वाढली तर जिवंत माणूस पण परत जाईल."

ऑगस्टीन सावलीत डॉमिनो खेळत होता. पहिल्या दिवशी हाच माणूस शर्ट काढून, पोट पुढे करून तलावात उडी मारत होता, बायकांना सांगत होता की वयाला मागे टाकलंय. आज उन्हानं डेक तापला होता, आणि ऑगस्टीन लांब बाह्यांचा शर्ट घालून बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. घामाचे ओघळ कानामागून खाली चालले होते.

"पोहत नाही आज?" बाईंनी विचारलं.

"सर्दी आहे." त्यानं सोंगटी आपटली. "दाजी, ऐकलं मी. वाईट झालं. पण मी तुम्हाला काय सांगितलं होतं? ही जुनी थेरं सोडा. मेलेलं माणूस जेवत नाही. बायबल काय सांगतं? मेलेल्यांना काही कळत नाही. मी आमच्या चर्चमधे उभं राहून हेच सांगतो."

"म्हणजे तुमचा ताटावर विश्वास नाही," बाई म्हणाल्या.

"देवावर आहे. तेवढा पुरे."

"आणि अंगठी?"

"ती आईची." पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला. "आईनं जाताना ती व्हर्नीला दिली, आणि लग्नात दाजींकडे अंगठी नव्हती म्हणून तीच घातली. कुणी दिली नाही असं म्हणतंय? पण व्हर्नीनंतर ती घरात यायला पाहिजे होती. बसवाल्याच्या सिमेंटात नाही."

मी उठलो. बाईंनी माझी बाही धरली आणि मला तिथून ओढत नेलं.

"घेतली त्यानं," मी म्हणालो. "आत्ता जाऊन त्याचा गळा..."

"गळाच," मिस बोनापार्ट म्हणाल्या. "तो गळा मीही बघितला, एवढ्या उन्हात बटणं लावून झाकलेला. पण आत्ता धरलात तर तो म्हणेल आत देवाचा क्रूस आहे, आणि पेल त्याची माफी मागेल. शिवाय चोरी त्याच्या बायकोनंही केली असेल आणि तो तिच्यासाठी लपवत असेल, तेही बघायला हवं. संध्याकाळी जेवायला या. नीट कपडे करून."

६

संध्याकाळी विल्मर मला बोळात भेटला. त्याची बॅग दाराशी होती. गणवेश काढून घेतला होता. घरच्या शर्टात तो आणखीच लहान दिसत होता.

"घरी काय सांगणार?" मी विचारलं.

"काही नाही सांगणार, सेन्योर. जहाजावरून चोरीसाठी उतरवलं की परत कुठल्याच जहाजावर घेत नाहीत. ते आपोआप कळतं." त्यानं बॅगेची चेन ओढली. "मिस बोनापार्टनी नवं ताट मागितलंय. अळणी. मला स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत, पण आचारी माझा दोस्त आहे. होईल."

त्याच वेळी पेलनी पाठवलेलं पाकीट माझ्या दाराच्या फटीत होतं. आत एक कार्ड. झालेल्या गैरसोयीबद्दल मालिशची एक बैठक मोफत.

मी ते कार्ड फाडलं. मग त्याचे तुकडे फाडले.

जेवणाच्या हॉलमधे गुलाबी टोप्या वाटत होते. शेवटची रात्र. वेटर टाळ्या वाजवत टेबलांमधून नाचत गेले, माणसं रुमाल फिरवत होती. आमच्या टेबलावर मधोमध झाकलेलं ताट होतं. बाईंनी झाकण काढलं. पालथी उकड, मासा.

"हे काय?" क्लॉडेट म्हणाली.

"मिस्टर कजो आज पुन्हा ठेवणार आहेत," मिस बोनापार्ट म्हणाल्या. "कालचं वाया गेलं."

ऑगस्टीन हातातला काटा बघत राहिला. शर्ट तोच, बटणं तशीच.

"पण हे अगदीच फिकं दिसतंय," बाई म्हणाल्या. "क्लॉडेट, मीठदाणी तुमच्या हाताशी आहे. घाला की थोडं."

"मी तेच म्हणते पहिल्या दिवसापासून," क्लॉडेट म्हणाली, मीठदाणी उचलली आणि ताटावर तिरकी केली.

ऑगस्टीननं तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात की मीठदाणी टेबलावर आपटून गडगडत गेली.

"ठेव ते," तो म्हणाला.

"अरे, हात सोड. दुखतंय."

"का नको?" मिस बोनापार्टनी विचारलं.

"ते... दाजींना रक्तदाब आहे."

"हे ताट दाजी खाणार नाहीत. हे ताट कुणी जिवंत माणूस खाणार नाही. मग मिठानं काय बिघडतं? तुम्ही तर म्हणता मेलेल्यांना काही कळत नाही."

बाजूच्या टेबलावर कुणाचातरी वाढदिवस होता. सगळे गायला लागले. गाणं संपेपर्यंत बाई थांबल्या.

"साहेब म्हणाले, चोर परका, कारण त्यानं ताटात मीठ घातलं," त्या म्हणाल्या. "मिस्टर कजोही हेच म्हणाले. पण परका माणूस मीठ घालतो ते खायला. इथं कुणी एक घास खाल्लेला नाही. परका चोर अंगठी उचलून जातो, खिशात मीठ घेऊन येत नाही. मीठ घेऊन कोण येतं? ज्याला माहीत आहे की या खोलीत आज मेलेलं माणूस येणार आहे. आणि जो त्या माणसाला घाबरतो. मिस्टर कजो म्हणाले, आमचा माणूस ते करूच शकत नाही. अहो, तुमच्याच माणसाला ते सुचू शकतं. सबंध जहाजात ताटातलं मीठ म्हणजे काय हे कळणारी माणसं दोन. एक त्या रात्री वरच्या डेकवर बसून आपल्या बेटाची वाट बघत होता."

क्लॉडेट नवऱ्याकडे बघत होती. तिचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं.

"तुमच्या बायकोला मिठाचं काही माहीत नाही, ते आत्ता सगळ्यांनी बघितलं," बाई म्हणाल्या. "वरचं बटण काढा, मिस्टर ऑगस्टीन. सर्दीला बरं असतं, मोकळी हवा."

तो हलला नाही. मग क्लॉडेटनंच हात पुढे करून ते बटण काढलं, आणि खालचं, आणि त्याच्या गळ्यातली काळी दोरी बाहेर ओढली.

दोरीला अंगठी होती.

७

क्लॉडेट उठली. जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तो गरीब माणूस उद्या रस्त्यावर येणार होता. आणि तू डॉमिनो खेळत होतास."

मिस बोनापार्ट दोरीतून अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवून गेल्या. पेलकडे गेल्या. मला पुढे कळलं की त्यांनी पेलच्या टेबलावरचं गोळ्यांचं भांडं उचलून कचऱ्यात रिकामं केलं आणि विल्मरचा गणवेश परत येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. पेलनं विल्मरची माफी मागितली नाही. त्यालाही मालिशचं कार्ड दिलं.

टेबलावर आम्ही दोघंच राहिलो. मधे ताट.

"आईची आहे ती," ऑगस्टीन म्हणाला. "तुम्हाला नाही कळणार, दाजी. आमच्याकडे तिचं दुसरं काही उरलं नाही."

"अंगठीचं मी बोलतच नाही," मी म्हणालो. "मागितली असतीस तर भांडलो असतो, कदाचित दिलीही असती. ते सोड. मीठ का टाकलंस?"

त्यानं गळ्यातली रिकामी दोरी बोटाला गुंडाळली.

"काल जेवणाच्या टेबलावरून मीठ घेतलंस. खिशात ठेवलंस. म्हणजे आधीच ठरवलंस. का?"

"घाबरलो."

"कुणाला?"

त्यानं टेबलाच्या कापडाला घट्ट धरलं.

"व्हर्नीला," तो म्हणाला. "वाटलं, ती आली आणि मला तिथं बघितलं तर."

आई गेली तेव्हा हा रांगत होता. व्हर्नीटा त्याला कडेवर घेऊन विहिरीवर जायची, एका हातानं बादली, दुसऱ्या हातानं हा. आम्ही लग्न उशिरा केलं ते याची शाळा संपावी म्हणून. त्याचे पहिले बूट तिनं कोंबड्या विकून घेतले. आणि ही बाई पाणी ओलांडून आली, वर्षभरानं, ज्या जहाजाच्या आत बघायचं होतं त्याच्यापर्यंत आली, सज्जाचं दार उघडं दिसलं, आत दिवा दिसला. आणि उंबऱ्यावर मीठ.

हे मी त्याला सगळं बोललो नाही. मी ताट उचललं.

"आज पुन्हा ठेवा, दाजी," तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो. मी शप्पथ..."

"बेट मागे राहिलं, ऑगस्टीन. ती इतक्या लांब येणार नाही आता. एकदा दारातून परत पाठवलेलं माणूस दुसऱ्यांदा कशाला येईल?"

मी ताट सज्जात नेलं आणि उकड आणि मासा समुद्रात टाकला. मग आत येऊन पलंगावर बसलो. पलंगावर आज टॉवेलाचं काही नव्हतं. विल्मरला वेळ मिळाला नसेल. अर्धा पलंग नुसता रिकामा होता, आणि मला प्रथमच वाटलं की त्या बदकांचा राग करायला नको होता.

दगड गेल्या महिन्यात बसला. शॅरमेन ब्रुकलिनहून आली. ओल्या सिमेंटात अंगठी मी दाबली, अगदी व्हर्नीटाच्या नावाखाली, आणि हात तिथंच ठेवला, सिमेंट घट्ट व्हायला लागेपर्यंत. ढोल वाजले. जहाजावर चढताना माझ्याकडून काढून घेतलेली आणि उतरताना चिठ्ठी लावून परत दिलेली आमच्या गावच्या रमची बाटली मी दगडावर ओतली. पहिला घोट तिचा.

ऑगस्टीन आला होता. क्लॉडेट आली नव्हती. तो अंगणात सगळ्यांच्या मागे उभा होता. शॅरमेन म्हणाली, "बाबा, मामाला आत बोलवा. काही झालं तरी तो तिचा भाऊ आहे."

मी त्याला आत बोलावलं, जेवायला वाढलं. पोटभर जेवला. संध्याकाळी व्हर्नीटाचं ताट लावायची वेळ झाली तशी घरातली सगळी उठून शेजारी गेली. तोही निघाला.

"तू नाही," मी म्हणालो. "तू फाटकाशी बस."

"दाजी, जिवंत माणसानं तिथं असू नये."

"ताटाशी असू नये. तू फाटकाशी बस. खिसे उलटे करून दाखव."

त्यानं खिसे उलटे केले. काही नव्हतं.

"ती याच फाटकातून येईल," मी म्हणालो. "आत ताट आहे ते तिचं. पण आधी तू दिसशील. पुढचं तिचं ती बघेल."

मी दार सताड उघडं ठेवलं आणि तिथून निघून गेलो.